आठव्यातलं बाळ जगत नाही म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

"गरोदर मातांनो सावधान! डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत" या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या वॉट्सॲपवर फिरतोय. शेवटी जोडलेले हात, तीन पणत्या आणि "किमान दहा बहिणींना पाठवा". असले मेसेज एरवी वाचायचेही कष्ट मी घेत नाही. हा मात्र माझ्या मावसबहिणीला तिच्या चुलतसासूबाईंनी पाठवला. तिला एकतिसावा आठवडा चालू आहे, बीपी १५०/१०० च्या आसपास आहे, आणि "ताई, यातलं खरं किती?" असं तिने विचारल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. गरोदरपणात बीपी वाढतंच. मीठ तोडा, धन्याचं पाणी प्या, गोळ्या बाळाला बाधतात. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, त्यामुळे काढायचंच असेल तर आठवा लागायच्या आत काढा, नाहीतर नववा लागेपर्यंत थोपवून धरा. बाळाच्या फुफ्फुसांसाठी म्हणून देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. काचेच्या पेटीत ठेवणं हा धंदा आहे. गडचिरोलीत आणि कोलंबियात बाळं आईच्या छातीवर, घरीच वाचली. ऑक्सिजनने बाळ आंधळं होतं. चीक जड असतो, मध आणि गुटी द्या. आणि एकदा बाळंतपण झालं की आईचं बीपी आपोआप जातं.

सुरुवात बीपीपासून करू. गरोदरपणात बीपी "वाढतंच" हे उलटं आहे. साध्यासुध्या गरोदरपणात ते मधल्या महिन्यांत थोडं उतरतं आणि शेवटी शेवटी पुन्हा पहिल्यासारखं होतं. विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आलं, आणि सोबत लघवीत प्रथिनं जाऊ लागली किंवा प्लेटलेट्स, यकृत, मूत्रपिंड यांपैकी कशात तरी बिघाड दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. हे दुखणं मुळात वारेचं, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाचं. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या नसा सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. उपाशी वार मग आईच्या रक्तात असे घटक सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. यात मीठ कुठेच येत नाही. अळणी जेवून बाई फक्त कमी जेवते, आणि आधीच कमी वाढणाऱ्या बाळाला तेही नडतं.

गोळ्यांबद्दल मात्र मेसेजवाल्याच्या हाती अर्धं सत्य लागलंय, ते नाइलाजाने मान्य करते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो. आधीपासून बीपी असलेल्या कितीतरी बायका टेल्मिसार्टनवर असतात. दिवस राहिल्याचं कळताच ती बदलून घ्यावी लागते. बदलून, बंद करून नव्हे. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं अनेक वर्षं गरोदर बायकांना दिली जाताहेत. बीपी १६०/११० झालं तर ते अर्ध्या-एक तासात खाली आणायचं असतं, कारण त्या आकड्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. धन्याचं पाणी त्या तासाभरात काय करणार?

पायांवरची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, तिने घाबरून जाऊ नका. एकाएकी चेहरा सुजला, बांगड्या रुतू लागल्या, अंगठी निघेना, तर बीपी मोजा. पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, आणि सगळ्यांत फसवं म्हणजे उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं. "पित्त झालंय" म्हणून याच दुखण्यावर घरोघर सोडा आणि जेलुसिल दिलं जातं, आणि आत यकृत सुजलेलं, प्लेटलेट्स लाखाच्या खाली गेलेल्या असतात.

याच मुद्द्याच्या शेपटाला लिहिलंय, "आकडी आली तर कांदा फोडून नाकाशी धरा, दातांत चमचा द्या." चमच्याने दात तुटतात आणि श्वासनलिकेत जातात. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. प्रीएक्लॅम्प्सिया बळावला की येणाऱ्या या आकडीवरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. मॅग्नेशियमने आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. आपल्याकडे मिळणाऱ्या ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. चार अँप्यूल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली पाणी मिसळून २० मिली शिरेतून सावकाश. मग पाच-पाच अँप्यूल दोन्ही कुल्ल्यांत. एकूण १४ ग्रॅम. पुढचा ५ ग्रॅमचा डोस दर चार तासांनी, पण त्याआधी प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, आणि लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का. गुडघ्याचा झटका गेला की मॅग्नेशियम जास्त झालं, डोस थांबवायचा. श्वास मंदावला तर उतारा म्हणून १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, हळूहळू शिरेतून. उपकेंद्रातल्या नर्सलाही पुढे पाठवण्याआधी कुल्ल्यांतला १० ग्रॅमचा पहिला डोस देण्याची मुभा सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. तेव्हा गाडीत बसण्याआधी नातेवाइकांनी एकच विचारावं: मॅग्नेशियम दिलं का, किती वाजता, आणि चिठ्ठीवर लिहिलंय का?

आता त्या आठव्या महिन्याकडे. या एका वाक्याने इतर सगळ्यांहून जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थांबायलाच हवं.

समज जुना आहे आणि मोठ्या घरचा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर असतं, तेव्हा जन्मलेलं मूल जगत नाही असं म्हटलंय. प्राचीन ग्रीक वैद्यकातही सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हाच हिशेब होता. दोन दूरच्या संस्कृतींनी एकच गोष्ट म्हटली म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मेसेजवाला म्हणतो. काहीतरी आहेच. फक्त तो सांगतो ते नाही.

आधी पोटात काय चाललेलं असतं ते बघा. फुफ्फुसांतल्या हवेच्या फुग्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा थर लागतो. तो नसेल तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे ते फुगे प्रत्येक श्वासाला मिटतात. हा थर साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगत नाजूक नसांचं एक जाळं असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत रक्तस्राव तिथे होतो. बत्तीस आठवड्यांनंतर ते विरत जातं आणि धोका झपाट्याने उतरतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. यात सातव्यात चांगलं आणि आठव्यात वाईट होणारं काही दाखवा. प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा बराच असतो.

आकड्यानेही बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बत्तीस आठवड्यांना किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी गरीब देशांत निम्मी दगावतात आणि श्रीमंत देशांत जवळजवळ सगळी जगतात. बत्तिसावा आठवडा म्हणजे आपल्या हिशेबाने आठवाच. बाळं तीच, महिना तोच. फरक पडला तो ऊब, दूध, जंतुसंसर्गावरचा इलाज आणि श्वासाला आधार यांनी.

मग समज टिकला कसा? एक तर महिने मोजण्याचा घोळ. कोणी पाळी चुकल्यापासून मोजतं, कोणी "सातवा लागला" म्हणतं, कोणी "सातवा सरला". अठ्ठावीस आठवड्यांनाही सातवा आणि तीस आठवड्यांनाही सातवाच. दुसरं, प्रीएक्लॅम्प्सियात वारेकडून पोषण कमी पडल्याने बाळ लहान राहतं. चौतीस आठवड्यांचं, पण चौदाशे ग्रॅमचं बाळ बघून सुईण म्हणणार, सातव्यातलं दिसतंय. ते दिवसांनी परिपक्व असल्यामुळे जगतं आणि श्रेय सातव्याला मिळतं. तिसरं, हा आजार बळावतो तोच शेवटच्या तिमाहीत. मूल पोटातच गेलं किंवा आकडीत आई-बाळ दोघंही गेली, तर दोष महिन्यावर टाकला गेला, कारण बीपी मोजायचं यंत्रच तेव्हा नव्हतं. आणि चौथं, लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेली गुटगुटीत, तीन किलोची "सातमाशी" बाळं प्रत्येक घराण्यात एखाददुसरं असतंच. त्यांच्या तब्येतीचं रहस्य वैद्यकात शोधू नये.

आता नुकसान. आठव्यातलं जगत नाही असं घरात एकदा ठरलं की बत्तीस आठवड्यांच्या बाळासाठी गाडी बोलावली जात नाही. ते कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवतात, गार पडतं, आणि समज खरा ठरतो. दुसरी तऱ्हा याहून वाईट, कारण तिला शहाणपणाचा आव आहे: "आठवा लागायच्या आत काढून घ्या." एकतीस आठवड्यांच्या बाईचं बीपी औषधांनी आटोक्यात असताना घरचेच डॉक्टरांच्या मागे लागतात, आत्ताच सिझर करा म्हणून. म्हणजे जी तीन आठवडे पोटात काढू शकत होती ती फुफ्फुसं मुद्दाम कच्ची बाहेर काढायची. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे "नववा लागेपर्यंत थोपवा", बीपी १७०/११५ असताना.

बाळ कधी बाहेर काढायचं हे पंचांगावरून ठरत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया सौम्य असेल तर सदतीस आठवड्यांपर्यंत थांबतात. तीव्र असेल तर चौतीस पूर्ण झाले की काढतात. चौतीसच्या आत तीव्र असेल तर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या मोठ्या दवाखान्यात भरती करून, रोज रक्त-लघवी, बाळाच्या ठोक्यांचा आलेख आणि डॉप्लर (बाळाचा रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघत जमेल तितके दिवस ओढतात. ते ओढणं कधी थांबवायचं हेही ठरलेलं आहे: औषधांनी न उतरणारं बीपी, आकडी, फुफ्फुसांत पाणी, प्लेटलेट्स लाखाखाली, वार सुटून रक्तस्राव, बाळाचे ठोके बिघडणं. यातलं एक जरी झालं तरी आठवडा कुठलाही असो, बाळ काढतात, कारण या आजाराचा खरा इलाज वार बाहेर येणं हाच आहे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवा. तिच्यावरून दिवस आठवड्याभराच्या फरकाने कळतात. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, त्यात बाळ लहान असेल तर, दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते.

पुढचा मुद्दा स्टेरॉइडचा. "बाळाला जन्मायच्या आधीच स्टेरॉइड" असं वाचलं की कोणाच्याही पोटात गोळा येतो, आणि मेसेज नेमका त्यावरच बेतलाय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे संशोधक डॉक्टर लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की स्टेरॉइड दिलेल्या मेंढीची अपुऱ्या दिवसांची कोकरं श्वास घेतात. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी बायकांवरची पहिली चाचणी प्रसिद्ध केली. आपल्याकडे डेक्सामेथासोन वापरतात: ६ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ४ मिलिग्रॅम ताकदीच्या औषधाचे दीड मिली, स्नायूत, दर बारा तासांनी, चार वेळा. औषध काही रुपयांचं. यात ज्याला "धंदा" दिसतो त्याने औषधाच्या दुकानात जाऊन किंमत विचारावी.

परिणाम सगळ्यांत चांगला दिसतो तो पहिल्या डोसनंतर एक दिवस ते सात दिवस या काळात जन्म झाला तर. पण चार डोस पुरे होणार नाहीत असं वाटत असलं तरी पहिला टाळायचा नसतो.

इथेही एक अर्धसत्य आहे आणि ते मेसेजवाल्याला ठाऊक नाही, नाहीतर त्याने नक्की वापरलं असतं. २०१५ मध्ये सहा देशांतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली; तिच्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगाव होतं. गावपातळीवर, दिवसांचा नीट अंदाज नसताना स्टेरॉइडचा वापर वाढवला, तर फायदा झाला नाही. उलट आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय वाढला आणि एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले. ज्या बायकांना दिलं त्यातल्या बऱ्याच जणी पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली, या वेळी दवाखान्यांत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरिया, २,८५२ बायका, सव्वीस ते तेहतीस आठवडे, दिवस सोनोग्राफीने पक्के केलेले, लवकर बाळंत होण्याची खरी शक्यता असलेल्या. २०२० मध्ये निकाल आला: स्टेरॉइड मिळालेल्या आयांची १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांची २३.५ टक्के. पंचवीस आयांना इंजेक्शन दिलं की एक बाळ वाचतं. आयांमधला जंतुसंसर्ग वाढला नाही. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली. बाजूने असो की विरोधात, याहून वजनदार पुरावा मला माहीत नाही, आणि तो आपल्यासारख्याच देशांतल्या दवाखान्यांचा आहे.

तेव्हा विचारायचं ते "स्टेरॉइड का देता?" हे नाही. किती आठवडे आहेत ते कशावरून ठरवलं, आठवड्याभरात बाळंत होईल असं खरंच वाटतंय का, आईला ताप किंवा संसर्ग आहे का, हे विचारा. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढणार, ती मोजायला सांगा. आणि दर आठवड्याला पुन्हा पुन्हा कोर्स देत असतील तर मात्र कारण विचारलंच पाहिजे.

आता काचेची पेटी. "बाळाला काचेत ठेवलंय" म्हटलं की घर हादरतं, आणि खाजगी एनआयसीयूचं बिल बघून पुन्हा हादरतं. बिलाबद्दलची तक्रार खोटी नाही. गरज संपल्यावरही बाळ ठेवून घेणं, रोज त्याच तपासण्या, आईला दिवसातून दहा मिनिटं काचेतून दर्शन, हे प्रकार होतात. पण त्यावरून "पेटीच नको" हा निष्कर्ष काढणं म्हणजे बाळाच्या जिवावर राग काढणं. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष आहेत, एसएनसीयू म्हणतात त्यांना. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिथे उपचार, औषधं, रक्त, गाडी, सगळं मोफत आहे. पैशाची अडचण असेल तर मेसेज पुढे पाठवण्याऐवजी ती माहिती पाठवा. शक्यतो बाळ पोटात असतानाच तिथे पोचा. बाळाला आईच्या पोटाइतकी सुरक्षित गाडी नाही.

गडचिरोलीचं उदाहरण वाचून तर हसावं की रडावं कळेना. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत केलेलं काम १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पण "घरीच" म्हणजे काय केलं होतं? गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन ती बाळंतपणाला हजर, बाळाचं वजन, ऊब राहावी म्हणून खास पिशवी, श्वास सुरू झाला नाही तर मास्कने हवा देणं, पुन्हा पुन्हा घरभेटी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन. जिथे दवाखाना पोचत नव्हता तिथे उपचार घरात नेले. मेसेज सांगतो ते याच्या बरोब्बर उलट, दारात असलेले उपचार नाकारायला.

कोलंबियाचंही तसंच. बोगोटात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, कारण पेट्या पुरत नव्हत्या. कांगारू पद्धत खरोखर उत्तम आहे. पण २०२१ ची मोठी चाचणी बघा, पाच रुग्णालयांपैकी एक दिल्लीचं सफदरजंग. एक ते १.८ किलोच्या ३,२११ बाळांत, जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केलं तेव्हा मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. कुठे? एनआयसीयूतच. आईची खाट आत आणून. श्वासाचं यंत्र, सलाइन, मॉनिटर सगळं चालू. तेव्हा भांडायचं असेल तर "आईला आत घ्या" म्हणून भांडा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. बाळ उघडं, फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. दोन स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान किंचित वर आणि एका बाजूला वळलेली, वरून सुती पंचा घट्ट बांधलेला. एका बैठकीत निदान तासभर, दिवसभरात आठ तासांहून जितकं जास्त होईल तितकं. आई स्वतः आजारी असेल तर बाप, आजी, कोणीही.

छातीवर ठेवून जे होत नाही तेही सांगते. तीस आठवड्यांचं बाळ जन्मल्यावर कण्हायला लागतं, बरगड्या आत ओढल्या जातात. त्याला नाकातून सतत दाबाची हवा लागते, सीपॅप म्हणतात तिला. सगळ्यांत साधं यंत्र म्हणजे पाण्याची बाटली: हवेच्या नळीचं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलेलं, तोच दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. थांबले की कुठेतरी गळती आहे. नाकातली नळी सैल झालीय किंवा बाळाचं तोंड उघडं आहे. पाणी आटलं की दाब कमी, जास्त भरलं की जास्त. नर्स तासातासाला येऊन तेच बघत असते, आणि नाकाच्या पडद्यावर जखम होत नाही ना तेही. सोबत साखर ४५ च्या खाली जात नाही ना, तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये आहे ना, श्वास विसरतंय का, हे सगळं. श्वास विसरू नये म्हणून कॅफिन देतात. मेसेजमध्ये "बाळाला कॉफीचं व्यसन लावतात" असंही आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

ऑक्सिजनने अंधत्व. हे खरंच घडलंय. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुक्त हस्ते ऑक्सिजन दिला गेला आणि डोळ्यांच्या पडद्याच्या नसा वेड्यावाकड्या वाढून हजारो मुलांची दृष्टी गेली. मग ऑक्सिजन इतका आखडला की डोळे वाचले आणि बाळं दगावू लागली. २०१० मध्ये पुन्हा मोजून पाहिलं: रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्के ठेवला तर डोळ्यांचा आजार कमी, पण मृत्यू जास्त. म्हणून आता ९० ते ९५ मध्ये ठेवतात. बाळ ऑक्सिजनवर असताना मॉनिटरवर सतत ९९-१०० दिसत असेल तर नर्सला विचारा, हे योग्यच आहे. पण ऑक्सिजनच नको म्हणणं योग्य नाही. डोळे वाचतात ते तपासणीने. दोन किलोखालच्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या प्रत्येक बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. अठ्ठावीस आठवड्यांआधीचं किंवा बाराशे ग्रॅमखालचं असेल तर त्याहून लवकर, जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांत. ही तारीख चुकते कारण तोवर सुट्टी झालेली असते, आई माहेरी गेलेली असते आणि बाळ "चांगलं दिसतंय". लेसर लागलाच तर दोन-तीन दिवसांत करावा लागतो. महिनाभर उशीर म्हणजे कायमचा अंधार.

मध, गुटी, पाणी घातलेलं गाईचं दूध: नाही, नाही आणि नाही. मधातल्या जंतूंनी लहान बाळाला लुळेपणा येऊ शकतो, वर्षभर मध नको. वरच्या दुधाने अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सडण्याचा धोका वाढतो. चीक जड नसतो. थेंबभर असला तरी तोच द्यायचा. चौतीस आठवड्यांआधी बाळ ओढत नाही, म्हणून दूध हाताने पिळून, दिवसातून आठ-दहा वेळा, उकळलेल्या वाटीत. नळीने किंवा बोंडल्याने पाजायचं. आईला येत नसेल तर दुसऱ्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. धुरी आणि शेगडी मात्र लांब ठेवा, त्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही.

शेवटचा दावा, बाळंतपण झालं की बीपी जातं. हा मेसेजमध्ये एका ओळीत उरकलाय आणि वाचणारेही तो तसाच सोडून देतात. वार निघाल्यावर आजार उतरणीला लागतो, पण त्याच दिवशी नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं. आकडी बाळंतपणानंतरही येते, बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत, क्वचित काही आठवड्यांनीही. म्हणूनच मॅग्नेशियम बाळंतपणानंतर चोवीस तास चालू ठेवतात. नेमक्या याच दिवसांत एनआयसीयूतल्या बाळाची आई कुठे असते? तिला सुट्टी मिळालेली असते आणि ती बाहेर बाकड्यावर बसलेली असते. सगळे बाळाचं वजन विचारतात, तिचं बीपी कोणी मोजत नाही. डोकं दुखतंय म्हणाली तर "जागरण झालंय". गोळी सकाळी घ्यायची राहिली, कारण दूध पिळायचं होतं.

तर बाळ आत असेल तोवर आईचंही बीपी रोज मोजून घ्या, निदान पहिला आठवडा. गोळ्या सांगितल्याशिवाय बंद नकोत. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन दूध पाजताना चालतात. सहा आठवड्यांनी पुन्हा बीपी आणि लघवी तपासा. आणि पुढच्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर, बाराव्या आठवड्याच्या आसपासच, डॉक्टरांना सांगा की मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया होता. ॲस्पिरिनची छोटी गोळी रात्री सुरू करायची असते ती तेव्हा, सोळाव्या आठवड्याच्या आत. उशीर झाला तर तिचा उपयोग कमी होऊ शकतो.